शुद्ध तेल आणि अक्काचा गुडघा

अक्काचा गुडघा सुजला सोमवारी, आणि टेलिफोन एक्स्चेंजची जुनी इमारत पाडणार असल्याचं कळलं बुधवारी. एरवी या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नसता. पण त्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर अक्काने एकतीस वर्षं कानाला हेडफोन लावून लोकांना लोक जोडून दिले होते, आणि इमारत पडण्याआधीच्या रविवारी तिथल्या सगळ्या जुन्या ऑपरेटर बायकांनी शेवटचं एकदा वर जमायचं ठरवलं होतं. लिफ्ट नव्हती. कधीच नव्हती.

"अठरा दिवस आहेत," अक्का फोन ठेवून म्हणाली. "अठरा दिवसांत हा भोपळा उतरला पाहिजे."

डॉक्टरांनी गुडघा दाबून, वाकवून पाहिला आणि गोळ्या लिहून दिल्या. जेवणानंतर दोन वेळा, पंधरा दिवस. बर्फाने शेका, पाय उंच ठेवा, उतरेल. एवढं साधं होतं. हे वाक्य अक्काच्या धाकट्या भावाने पुढे स्वतःला इतक्या वेळा ऐकवलं, की त्याचा गुळगुळीत गोटा झाला.

हा धाकटा भाऊ म्हणजे वजनमाप खात्यातले निरीक्षक. वय छप्पन्न, बाजारात टोपणनाव 'तराजू'. रॉकेलच्या मापाला बाहेरून पोचा पाडणारे, वजनाच्या बुडातलं शिसं खरवडणारे, सगळे यांना ओळखून. निरीक्षक दुकानात शिरले की दुकानदाराचा अंगठा आपोआप तागडीपासून दूर व्हायचा. घरात मात्र त्यांच्याकडे मोजण्यासारखं फारसं काही नव्हतं. बायको ग्रंथालयात कामाला होती आणि नवऱ्यापेक्षा दीडपट काटेकोर होती. अक्का सोळा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा निरीक्षक सात वर्षांचे होते. त्यांची शाळा, त्यांचा गोवर, त्यांचं लग्न, सगळं अक्काने पार पाडलं होतं. म्हणून अक्कासाठी आपण काहीतरी करावं, अशी त्यांच्या मनात फार जुनी इच्छा होती. अडचण एवढीच, की अक्काला कधी कशाची गरज पडत नसे. आणि आता पडली होती.

गोळ्यांनी अक्काच्या छातीत जळजळ होऊ लागली. पाचव्या दिवशी ती सहज म्हणाली, "गुडघा उतरतोय खरा, पण पोट पेटलंय."

त्याच दिवशी वर्तमानपत्राच्या पुरवणीत पान तीनवर तो लेख आला. वनस्पतींची सुगंधी तेलं आणि सूज. लव्हेंडर, निलगिरी, गवती चहा, लवंग. अमुक तेलातल्या अमुक घटकाने सूज उतरल्याचं प्रयोगशाळेत दिसून आलं, असं त्यात साफ छापलं होतं. निरीक्षकांनी लाल पेनाने ओळी अधोरेखित केल्या. लेखाच्या शेवटी आणखी दोन परिच्छेद होते. तेही त्यांनी वाचले. पण अधोरेखित केले नाहीत.

"अक्का, गोळ्या बंद कर," ते म्हणाले. "निसर्गात उपाय आहे."

"निसर्गातच गुडघा सुजलाय, धाकट्या."

"वास घ्यायचा, चोळायचं. पोटाला त्रास नाही."

अक्काने त्यांच्याकडे पाहिलं. भाऊ पहिल्यांदाच तिच्यासाठी काहीतरी घेऊन उभा होता. "बरं," ती म्हणाली.

त्याच संध्याकाळी निरीक्षकांनी लव्हेंडरच्या तेलाची बाटली विकत आणली. इथे सगळं सुरळीत व्हायला हवं होतं. पण बाटलीवर 'दहा मिलिलिटर' लिहिलेलं पाहून निरीक्षकांचा हात शिवशिवला. बावीस वर्षांची सवय. त्यांनी ऑफिसच्या बॅगेतून काचेची मापनळी काढली आणि तेल तिच्यात ओतलं. नऊ पूर्णांक तीन.

"अहो, असू दे ना," बायको म्हणाली. "गुडघ्याला काय कळणार आहे?"

"प्रश्न गुडघ्याचा नाही. पॅकिंगची तारीखसुद्धा नाहीये यावर."

दुसऱ्या दिवशी ती बाटली मुद्देमाल म्हणून जप्त झाली. लाखेचं सील लागलं, चिठ्ठी बांधली गेली आणि ऑफिसच्या लोखंडी कपाटात ती अशी गेली, की आता न्यायालयाच्या हुकमाशिवाय ती ब्रह्मदेवालाही उघडता आली नसती. निरीक्षकांच्या कारकिर्दीतली ही बहुधा सर्वांत निर्दोष कारवाई. फक्त अक्काच्या गुडघ्याला तेल उरलं नाही. आणि बाजारातल्या एकाही बाटलीवर आता त्यांचा विश्वास उरला नाही.

"घरीच काढू," ते म्हणाले. "शुद्ध."

या 'शुद्ध' शब्दापासून पुढचं सगळं घडलं.

तेल काढण्याची रीत लेखात नव्हती. ती समोरच्या दाराच्या कंपाउंडरकाकांनी सांगितली. काकांनी पस्तीस वर्षं एका दवाखान्यात पुड्या बांधल्या होत्या, त्यामुळे वैद्यकशास्त्राबद्दल त्यांचा शब्द इमारतीत अखेरचा मानला जाई. निदान ते स्वतः तरी मानत. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, कुकरमध्ये पाला आणि पाणी घालायचं, शिट्टी काढून तिथे नळी बसवायची, नळी गार पाण्याच्या बादलीतून फिरवायची. वाफ गार झाली की पाणी पडतं आणि पाण्यावर तेल तरंगतं. तळमजल्यावरच्या फ्रिजवाल्या मेकॅनिकने जुन्या फ्रिजची तांब्याची नळी गोल गोल वळवून दिली. काम झाल्यावर त्याने यंत्राकडे जरा वेळ पाहिलं आणि डोळा मिचकावून विचारलं, "साहेब, नक्की पाल्याचंच ना?" निरीक्षकांना तो विनोद अजिबात कळला नाही.

पोस्टामागच्या झाडाची निलगिरीची पानं आणि आवारातला गवती चहा मिळून दोन पोती पाला घरात आला. स्वयंपाकघर तीन दिवस बंद राहिलं. दुधाला निलगिरीचा वास, साबणाला निलगिरीचा वास. बायकोच्या ग्रंथालयातून एका वाचकाने कादंबरी परत केली, का तर ती वाचताना सर्दी झाल्यासारखं वाटतं. तिसऱ्या दिवशी बाटलीच्या तळाशी जे जमलं, ते निरीक्षकांनी मापनळीत घेतलं. मापनळीचा काचेचा तळच ओला झाला होता. पहिल्या रेघेपर्यंत पोचलं नव्हतं.

"पाल्यात तेल नसतंच फारसं," कंपाउंडरकाका दारातून म्हणाले. "लवंग घ्या, लवंग. तेलाने गच्च भरलेली असते."

हे त्यांनी पहिल्याच दिवशी का सांगितलं नाही, असं बायकोने विचारलं. "तुम्ही विचारलं कुठे?" काका म्हणाले.

अर्धा किलो लवंग कुकरमध्ये गेली. आता लवंगेचा वास म्हटलं की माणसाला एकच गोष्ट आठवते: दाताचा डॉक्टर. तासाभरात अख्खी इमारत गालाला हात लावून बसली. वरच्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या शिवणकामवाल्या बाईंची दाढ चार वर्षं शांत होती. ती वासानेच जागी झाली. बाईंनी सोसायटीच्या सेक्रेटरीकडे तक्रार केली. सेक्रेटरीने जिन्यात नोटीस लावली: 'सदनिकेत वास निर्माण करण्यास सक्त मनाई आहे.' निरीक्षकांनी त्या नोटिशीखाली पेन्सिलीने लिहिलं, 'वासाचे परिमाण नमूद नाही, सबब नोटीस संदिग्ध.' आयुष्यभर दुसऱ्यांना नोटिसा दिलेल्या माणसाला स्वतःला नोटीस मिळाली की असंच होतं.

पण खरा घाव पुढे होता. स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसणारी तांब्याची नळी, बादली, दिवसभर चालणारी शेगडी आणि तो उग्र वास, यांची कुणीतरी बेरीज केली आणि दारूखात्याला कळवली. शनिवारी सकाळी दारात दोन शिपाई आणि एक अधिकारी.

"भट्टी कुठे आहे?" अधिकाऱ्याने विचारलं.

"भट्टी?" निरीक्षकांचा आवाज चिरकला. "मी वजनमाप खात्यातला निरीक्षक आहे!"

"मग तर लाजच वाटायला हवी," अधिकारी म्हणाला. "आसवनाचा परवाना आहे?"

"हे सुजेवरचं तेल आहे."

"सगळे असंच म्हणतात. मागच्या महिन्यात एकाने हे केसांचं तेल आहे असं सांगितलं होतं."

पंच म्हणून कंपाउंडरकाका आणि शिवणकामवाल्या बाईंना बोलावलं गेलं. काकांच्या चेहऱ्यावर आपण या गावचेच नाही असा भाव. एरवी पंचनामे करायचे ते निरीक्षकांनी. आज ते आपल्याच घरात कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले होते आणि एक शिपाई त्यांचा कुकर उलटा करून पाहत होता. "दिनांक घातला नाही," ते न राहवून म्हणाले. अधिकाऱ्याने दिनांक घातला. मग बाटलीचं बूच काढून वास घेतला, आणि खात्रीसाठी, कुणी अडवायच्या आत, दोन थेंब बोटावर घेऊन जिभेवर ठेवले.

लवंगेचं तेल जिभेवर काय करतं हे ज्याने दात काढून घेतलाय त्याला सांगायला नको. अधिकाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तो काहीतरी बोलला, पण ते "हें हांऊ हांही" असं ऐकू आलं.

"काय म्हणतायत?" एक शिपाई कुजबुजला.

"ही दारू नाही, असं," कंपाउंडरकाकांनी भाषांतर केलं. त्यांच्या दवाखान्यात अशी भाषा बोलणारे पुष्कळ यायचे.

उरलेला पंचनामा खुणांनी झाला. कुकर, नळी आणि बादली जप्त झाली. तेलाची बाटली परत मिळाली. जिन्यात जमलेली मंडळी हसू दाबत घरोघर पांगली. निरीक्षक दार लावून आत आले तेव्हा अक्का पलंगावर पाय लांब करून बसली होती आणि हसून हसून तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"धाकट्या, अरे, एकतीस वर्षं लोकांची बोलणी कानावर पडली, पण असं 'हें हांऊ' कधी ऐकलं नाही."

त्यांनाही हसता आलं असतं. त्या वेळी ते नुसते हसले असते, तर पुढचं काही झालं नसतं. पण त्यांच्या डोक्यात फक्त जिन्यातली माणसं होती. सोमवारी ऑफिसात ही बातमी पोचणार, बाजारात पोचणार. 'तराजूच्या घरी धाड पडली.' याला एकच उत्तर होतं: गुडघा. गुडघा उतरलेली अक्का सगळ्यांसमोर ताठ चालत जिन्याने खाली उतरली पाहिजे.

रविवार आठ दिवसांवर आला होता. गोळ्या बंद होऊन पाच दिवस झाले होते. सूज पुन्हा चढली होती, अक्काने बोलून दाखवलं नव्हतं इतकंच.

लेखाच्या शेवटच्या दोन परिच्छेदांत काय होतं हे निरीक्षकांना चांगलं ठाऊक होतं. एकात लिहिलं होतं की ही तेलं नुसती कातडीला लावू नयेत. मोठा चमचाभर साध्या तेलात दोन-तीन थेंब, एवढंच. बायको तर खोबरेल तेलाची वाटी घेऊन दारात उभी होती.

"यात घालायचं ना?" ती म्हणाली.

"त्यात घातलं की पातळ होतं," निरीक्षक म्हणाले. "लोकांना भेसळीबद्दल पकडतो मी. आता स्वतः करू?"

"अहो, ती भेसळ नाही, ते प्रमाण आहे."

निरीक्षकांनी बाटली तळहातावर उपडी केली, गुडघ्याला चांगलं चोळलं आणि वर गरम फडकं गुंडाळलं.

पाच मिनिटं गेली. अक्काचे डोळे मोठे झाले. "अरे, दुखत नाहीये."

"काय सांगतेस!"

"खरंच. जरा चुणचुणलं, आता काहीच कळत नाहीये." ती उठली. भिंतीला न धरता दारापर्यंत गेली, परत आली. मग स्वतःहून दार उघडून जिन्याच्या चार पायऱ्या उतरली आणि चढली. शिवणकामवाल्या बाई बघत होत्या. कंपाउंडरकाकांनी "मी म्हटलं नव्हतं?" असं म्हणून श्रेय खिशात घातलं. निरीक्षक नुसते उभे होते. आयुष्यात इतका आनंद त्यांना नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता. अक्काने त्यांच्या गालावरून हात फिरवला, अगदी ते सात वर्षांचे असताना फिरवायची तसा.

झोपण्यापूर्वी त्यांनी आणखी एकदा तेल चोळलं.

बधिर झालेल्या कातडीला भाजलेलं कळत नाही. सकाळी बायकोने फडकं सोडलं आणि तोंडावर हात ठेवला. गुडघ्यावर सुपारीएवढे फोड आले होते, एकाला एक लागून, आणि खालची कातडी शेंदरासारखी लाल. अक्काने पाय हलवायचा प्रयत्न केला आणि ओठ चावला.

रविवार असूनही डॉक्टर घरी आले. आधी मलमपट्टी केली. मग निरीक्षकांनी खिशातून लेखाचं कात्रण काढून दिलं. का दिलं, देव जाणे. कदाचित छापील कागद आपल्या बाजूने बोलेल असं वाटलं असावं. डॉक्टरांनी ते शेवटपर्यंत वाचलं.

"हे प्रयोग उंदरांवर केलेले आहेत," ते म्हणाले. "पंज्याची सूज. पुढे लिहिलंय बघा, माणसांवर पुरेसा अभ्यास अजून झालेला नाही. आणि तेल नुसतं लावू नका, असंही लिहिलंय. तुम्ही हे शेवटचे दोन परिच्छेद सोडून बाकी सगळ्या ओळींखाली रेघ मारलीय."

निरीक्षकांनी कात्रण परत घेतलं आणि त्याची घडी घातली.

"मी सुगंधी तेलांच्या विरुद्ध नाही," डॉक्टर म्हणाले. "कुणाला वासाने बरं वाटतं, झोप लागते, घ्यावा त्यांनी. पण गोळ्यांनी सूज उतरायला लागली होती. मग इतकी वाढली कशी? गोळ्या घेत होतात ना?"



"मीच विसरले," अक्का म्हणाली. "वय झालं आता. लक्षात राहत नाही."

जिला आपल्या एक्स्चेंजचे अर्धे नंबर अजून तोंडपाठ होते, ती बाई म्हणत होती, लक्षात राहत नाही. डॉक्टर तिला समजावू लागले, गोळ्यांची डबी मिळते, वारांचे कप्पे असतात, छातीत जळजळ झाली तर सांगायचं, त्यावर वेगळी गोळी देता येते. अक्का मान डोलावून ऐकत होती. निरीक्षकांनी तोंड उघडलं. 'मीच बंद करायला लावल्या' एवढे चार शब्द. डॉक्टर चिठ्ठी लिहू लागले, आणि वेळ टळली.

दहा दिवस गुडघा वाकवायचा नाही, असं ठरलं. शेजाऱ्यांनी मोठ्या मनाने सुचवलं, खुर्चीत बसवून वर नेऊ. फ्रिजवाला मेकॅनिक तर म्हणाला, मी एकटा नेतो, दोनशे लिटरचे फ्रिज नेलेत. अक्का म्हणाली, "तिथे मी रोज पहिली पोचायचे. सामानासारखी नाही जाणार." विषय संपला.

रविवारी सकाळी ती निरीक्षकांना म्हणाली, "तू जाऊन ये. सांगायला ये मला, कसं होतं."

ते गेले. जिना अरुंद होता, मधल्या भागात पायऱ्या झिजून खोलगट झालेल्या. वर मोठी रिकामी खोली. फोन जोडायचे बोर्ड केव्हाच काढून नेलेले; जमिनीवर त्यांच्या पायांचे चौकोन तेवढे उरले होते, आणि प्रत्येक चौकोनाशी एकेक म्हातारी जाऊन उभी होती. अकरा जणी. एक चौकोन मोकळा.

"अक्का कुठाय?" एकीने विचारलं. "जिना चढतेय का अजून?"

तयार करून आणलेलं वाक्य होतं: जरा बरं नाही. ते त्यांनी उच्चारलं नाही. त्यांनी सगळं सांगितलं. गोळ्या बंद केल्या ते, सील केलेली बाटली, पाल्याची पोती, धाड, 'हें हांऊ', खोबरेल तेलाची वाटी, फोड, आणि डॉक्टरांपुढे गप्प बसलो तेही. मध्यावर बायका हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. शेवटी कुणी हसलं नाही.

"फार वाट पाहत होती ती," त्यांच्यातली सर्वांत थोरली म्हणाली. रागावून नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

मग त्या एकेक करून मोकळ्या चौकोनाशी जाऊन उभ्या राहिल्या, जरा वेळ खिडकीतून बाहेर पाहिलं आणि परतल्या. निरीक्षक भिंतीला टेकून उभे राहिले. त्या चौकोनात पाय टाकायचं त्यांना धाडस झालं नाही.

परत येताना ते वाटेत डॉक्टरांच्या दवाखान्याशी थांबले. रविवार, दार बंद. पाटीवरच्या वेळा त्यांनी दोनदा वाचल्या आणि घरी आले.

अक्का खिडकीशी बसली होती. पाय स्टुलावर, पट्टी पांढरीशुभ्र. त्यांनी सगळं सांगितलं: कोण आलं होतं, कोण काठी घेऊन आलं, कुणाचे केस अजून काळे आहेत, खिडकीतून आता झाड दिसत नाही, समोर भिंत उभी राहिलीय. अक्का मध्ये मध्ये "हो?" म्हणत होती.

"अक्का, डॉक्टरांना मी उद्या सांगणार आहे. गोळ्यांचं."

"सांग," ती म्हणाली. मग तिने विचारलं, "जिना तसाच आहे का रे? मधे झिजलेला?"

"तसाच आहे."

"पायऱ्या बासष्ट. मोजल्यास?"

"मोजल्या. बासष्टच आहेत."

अक्काने गुडघ्यावरच्या पट्टीवर तळहात ठेवला, अगदी हलका.

"चढले असते मी," ती म्हणाली.

"हो, अक्का," निरीक्षक म्हणाले. "चढली असतीस."